गाठीत शिरलेले निळे ठिपके

आमच्या घरात इंग्रजीत आलेला प्रत्येक कागद वाचायला माझ्याकडे येत असे. खत कंपन्यांची पत्रके, वीज मंडळाची नोटीस, तुमच्या आईने परदेशातून पाठवलेली औषधांची माहिती. तुमचे आजोबा पाकीट फोडायचे, कागद माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "वाच." धुळ्याच्या लॅबमधून आलेला रिपोर्टही त्यांनी सवयीने माझ्याच हातात दिला. माझा कॅन्सर मीच त्यांना वाचून दाखवला.

मी अर्ध्यावर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आले. जळगावच्या डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितले होते की काहीही निघाले तरी पेशंटला अल्सर म्हणायचे. सगळ्या घराला तसे पढवून झाले होते. ते म्हणाले, "पुढचं वाचू नकोस." मी म्हटले, "झालं वाचून. आता अल्सरचं नाटक नको, मला चहा करून द्या." त्यांनी केला. त्यात साखर घालायला विसरले आणि दोघांनीही तो तसाच प्यायला.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी होत्या. पहिली, अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तरातून उगवलेला कॅन्सर. दुसरी, पूअरली डिफरन्शिएटेड, म्हणजे पेशींनी आपले मूळ रूप इतके सोडले होते की त्या जठराच्या पेशी आहेत हे ओळखणे कठीण. अशा पेशी सहसा जोरात वाढतात. तिसरी ओळ होती, हेवी लिम्फोसायटिक इन्फिल्ट्रेशन. लिम्फोसाइट म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी एवढे मला ठाऊक होते. त्या गाठीत दाटीने शिरल्या आहेत असा तिचा अर्थ लागला, पण हे बरे की वाईट ते समजेना. मिहिर, तन्वी, ही तिसरी ओळ लक्षात ठेवा. मी हे सगळे लिहिते आहे ते तिच्यासाठी.

मागे फोनवर मिहिरने विचारले होते, "आजी, तुझ्या पोटात अर्धंच पोट आहे का?" अर्धे नाही, त्याहूनही कमी आहे. हे तुम्हाला नीट कळायला हवे, कारण तुमच्या अंगात माझे रक्त आहे आणि पोटाचे हे दुखणे कधी कधी घराण्यात फिरते. शिवाय ज्या कोणावर ही वेळ येईल त्याच्याही हातात हे कागद पडावेत अशी इच्छा आहे.

सुरुवात भरिताने झाली. आसोद्याला तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, आबा, केळी आणि कापूस करतात. थंडी पडली की त्यांच्या शेतात भरीत पार्टी असते. तुरीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, बडजीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. त्या वर्षी मी चार घास घेतले आणि पोट गच्च भरले. पुढ्यात भाकरी तशीच. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "शहरातली झाली आता, आपलं तिखट सोसत नही तिले." सगळे हसले, मीही हसले.

पण घरी आल्यावर वरणभातही जाईना. छातीखाली जडपणा, मळमळ, आणि दोन महिन्यांत सगळ्या पोलक्यांना आत टीप घालावी लागली. ज्याला थोड्याशा जेवणाने पोट भरू लागेल आणि वजन उतरू लागेल, त्याने सोडा-लिंबू पीत बसू नये. मी बसले होते.

मग एन्डोस्कोपी झाली. तोंडातून दिव्याची लवचीक नळी जठरात घालतात आणि आतून पाहतात. घशाला बधिर करणारे औषध फवारतात, तरी ओकारी येतेच. मी मनात इंग्रजी पाढे म्हणत होते. नळीतूनच बारीक चिमट्याने तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढले आणि धुळ्याला पाठवले. याला बायॉप्सी म्हणतात. त्याचाच तो रिपोर्ट.

आता तुमच्या आईचे सांगते, म्हणजे माझे काय पणाला लागले होते ते कळेल. तन्वी तेव्हा तिच्या पोटात होती. मिहिरच्या वेळी जळगावचे आमचे दुकान आणि घर सोडून मला जाता आले नव्हते आणि तिने परक्या देशात एकटीने बाळंतपण काढले होते. या वेळी मी जाणार हे ठरले होते. पासपोर्ट हातात आला होता, डिंकही आणून ठेवला होता. मी सर्जनना पहिलाच प्रश्न विचारला, मला जाता येईल का? जळगावचे हे सर्जन वयाने तरुण, शांत. ते म्हणाले, "आधी ऑपरेशन. जठराचा खालचा मोठा भाग आणि आसपासच्या लिम्फ नोड्स, म्हणजे रसग्रंथी, काढतो. ते सगळं धुळ्याला तपासायला जाईल. ग्रंथींमध्ये कॅन्सर पोहोचलाय की नाही ते कळलं की मी तुम्हाला जा किंवा जाऊ नका सांगू शकेन."

मी तिसऱ्या ओळीबद्दल विचारले. ते म्हणाले, "त्यानं ऑपरेशन बदलत नाही. तो धुळ्याच्या डॉक्टरांचा विषय."

ऑपरेशन सकाळी झाले. त्यातले मला काही आठवत नाही, आणि पुढचे जे घडले ते मला नंतर कळले.

त्या काळी आमच्याकडे काढलेला भाग नातेवाईकच लॅबमध्ये नेऊन देत. फॉर्मालिन नावाच्या औषधी पाण्यात तो बुडवून बरणी बंद करायची आणि एस.टी.ने धुळे गाठायचे. आजोबांना हे आदल्या दिवशी समजावून दिले होते. पण ऐन वेळी रक्ताची आणखी एक बाटली लागली आणि ते ती आणायला धावले. थिएटरच्या दाराशी उरले आबा. सिस्टर घाईत बाहेर आल्या, "नातेवाईक ना? घ्या, सांभाळून न्या," एवढे म्हणून बरणी त्यांच्या हातात ठेवून आत गेल्या.

आबांच्या घरात बायकांची बाळंतपणे झाली तेव्हा वार अशीच पुरुषांच्या हातात दिली जाई आणि ती शेतात नीट पुरून टाकणे हे घरच्या थोरल्याचे काम असे. आबांनी बरणी पाहिली, पंच्यात गुंडाळली आणि आपले काम ओळखले. जमिनीत पुरले तर कुत्री उकरतील म्हणून ते सायकल मारत थेट तापीवर गेले. हळदकुंकू वाहिले, फुले वाहिली, हात जोडले आणि बरणी पाण्यात रिकामी केली. मग वाळूने घासून, धुऊन, उन्हात वाळवून ती हॉस्पिटलात परत आणली आणि सिस्टरांपुढे ठेवली. "बरनी चांगली हाये," म्हणाले, "कामात येईन."

मी शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती. तिला राइल्स ट्यूब म्हणतात, ती पोट रिकामे ठेवते. हाताला सलाइन होते, आणि पायथ्याशी आबा खाली मान घालून उभे होते. इथे तुम्हाला आमची एक रीत सांगायला हवी. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचे नाही. लग्न झाल्यापासून आबा माझ्याशी एक शब्द बोललेले नव्हते. काही सांगायचे असले की जवळच्या माणसाला सांगत, कोणी नसले तर भिंतीला किंवा गाईला. त्यामुळे मला हाक काय मारायची हेही त्यांना कधी ठरवावे लागले नव्हते.

त्या दिवशी ते सलाइनच्या स्टँडकडे पाहून बोलले.

"मले काय मालूम, भाऊ," ते आजोबांना म्हणत होते. "आपल्या घरच्या मानसाच्या अंगाचा भाग. तो काय उकिरड्यावर टाकू? चांगलं वाहत्या पान्यात सोडलं. आता डॉक्टर म्हनतो ते तपासायचं व्हतं. तिले सांग, मी धुळ्याले जाऊन त्या डॉक्टरच्या पाया पडतो."

"पाया पडून ग्रंथी येतील का परत?" आजोबा चिडून म्हणाले. ते थोरल्या भावावर चिडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मला इतके हसू आले की टाके ओढले गेले. माझ्या जठराला तापीकाठी हळदकुंकू मिळाले होते. माझ्या माहितीत असा मान दुसऱ्या कोणाच्या जठराला मिळालेला नाही.

हसू ओसरते तोच सर्जन आले. ते रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. यकृत स्वच्छ दिसले, हाताला लागल्या तेवढ्या ग्रंथी काढल्या. पण डोळ्यांनी पाहणे वेगळे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे वेगळे. "आता मी अंधारात आहे," ते म्हणाले. "अशा वेळी मी तुम्हाला मुंबईला पाठवीन. तिथे कॅन्सरची इंजेक्शनं, म्हणजे केमोथेरपी, सुरू करतील. ती बरेच महिने चालतील, आणि त्यांचा नक्की किती उपयोग होतो यावर अजून एकमत नाही. त्या काळात परदेश नाही." मी रोज पडल्या पडल्या महिने मोजायची. कसेही मोजले तरी तुमच्या आईची तारीख मधेच यायची.

टाके निघाले. पाण्याचे घोट, मग ताक, मग मऊ भात. लहान उरलेले जठर आता थेट आतड्याला जोडलेले होते, त्यामुळे थोडे थोडे आणि पुष्कळदा खायला शिकावे लागले. घाईने खाल्ले की घाम फुटून घेरी येई. हेही लिहून ठेवते, कारण मला कोणी आधी सांगितले नव्हते आणि पहिल्यांदा झाले तेव्हा आता संपले असे वाटले होते. पडून राहिले की ते जाते.

एका दुपारी मी जुना रिपोर्ट पुन्हा वाचला आणि ती तिसरी ओळ समोर आली. मी आजोबांना म्हटले, "बरणी गेली. पण एन्डोस्कोपीचे तुकडे धुळ्यालाच आहेत ना? ते तर कोणी तापीत सोडले नाहीत." त्यांनी दुकानातून धुळ्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आले की तुकडे मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेले आहेत आणि हवे तर या.

आम्ही जीप केली. आबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, त्यांना कोणी बोलावले नव्हते. माझे टाके कधीच निघाले होते, तरी एरंडोल, पारोळा, प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरला म्हणत, "हळू चालव रे, मांगं टाके हायेत."

लॅब एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत होती. दाराशी बसलेल्या माणसाने स्टूल पुढे केले आणि डॉक्टर घरून आत्ता येतील असे अहिराणीत सांगितले. "बठ्ठा जन बसा, डॉक्टर घर शेतस, आत्ते येतीन." आबा आजोबांच्या कानाशी लागले, "हा तं आपल्यापेक्षाही अवघड बोलतो."

धुळ्याचे डॉक्टर पॅथॉलॉजिस्ट होते, म्हणजे शरीराचे तुकडे पाहून रोग ओळखणारे. जन्मभर शिकवून निवृत्त झालेले, जाड भिंगाचा चष्मा. बरणीची गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग आबांकडे वळून म्हणाले, "पाण्याला धार होती का?"

"व्हती ना," आबा म्हणाले.

"मग मासे काही शिल्लक ठेवणार नाहीत. बरं, आपल्याकडे जे आहे ते पाहू." त्यांनी आमच्यासाठीच ठोकळ्यातून नवे पापुद्रे कापून ठेवले होते. केसापेक्षाही पातळ काप काचेवर चिकटवून रंगवतात, निळा आणि गुलाबी. त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, स्वतः पाहिले, आणि खुर्ची मागे घेतली. "इंग्रजी वाचता ना? मग हेही वाचा."

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला, मग स्वतःच्याच पापण्या. मग एकदम चित्र बसले. ते मला आजही डोळे मिटले की दिसते. मोठमोठ्या, फिकट, वाकड्यातिकड्या पेशी, एकीचा आकार दुसरीला नाही. आणि त्यांच्या मधे, भोवती, फटीफटीत, गोल गडद निळे ठिपके. हजारो असावेत. काही जागी तर एवढी दाटी की मोठ्या पेशी शोधून काढाव्या लागत होत्या.

"मोठ्या आहेत त्या कॅन्सरच्या," डॉक्टर म्हणाले. "निळे ठिपके लिम्फोसाइट. शरीराचे शिपाई. पुष्कळांच्या गाठीत ते नसतातच, किंवा बाहेर कडेला घोळका करून उभे असतात. तुमचे आत घुसलेत. चौकीत बसलेला पोलीस वेगळा आणि चोराच्या घरात शिरलेला वेगळा."

"म्हणजे चांगलं?" मी विचारले.

"प्रॉग्नोसिस म्हणतात आम्ही त्याला. पुढं काय होईल याचा अंदाज. जठराच्या गाठीत अशी गर्दी असली की पेशंट जास्त जगतात, असं माझ्याआधीच्या लोकांनी लिहून ठेवलंय आणि मीही माझ्या पेशंटमध्ये पाहिलंय. पेशी दिसायला दांडगट असल्या तरी. नेहमीच नाही हं. मी सबंध शेतातले दोन दाणे पाहतोय आणि पिकाबद्दल बोलतोय. ग्रंथींचं मी काही सांगणार नाही, त्या यांनी नदीला दिल्या. पण जे दिसतंय ते चांगलं आहे, आणि ते मी तुमच्या सर्जनना फोन करून सांगणार आहे."

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. इतके महिने मी माझ्या शरीराला दोष देत होते की आत एवढे चालले आणि त्याला पत्ता नाही. पत्ता होता. मी भरिताच्या ताटावरून उठले तेव्हाही ते आत लढत होते, कोणाला न सांगता. मला त्या ठिपक्यांना नावाने हाक मारावीशी वाटली.

"मी पाहू का?" आबा डॉक्टरांना म्हणाले. त्यांनी टोपी काढली, एक डोळा हाताने झाकला आणि वाकले.

"अरे, हे तं उडीद सांडल्यावानी," ते म्हणाले. "बाई, तू पाह्यलं का? इकडं पाह्य, या कोपऱ्यात, कसे घेरून राह्यले त्याले. सोडत नहीत. बाई, तुह्या पोटात एवढी मानसं हायेत, तू कायले घाबरते? जाय तू पोरीकडं."

आजोबा माझ्याकडे पाहत राहिले. आबा अजून वाकलेलेच होते. आपण काय केले हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांचे कान लाल झाले होते आणि ते डोळा वर काढायला तयार नव्हते. मी पदर सारखा केला आणि म्हटले, "पाहिलं, आबा. उडदासारखेच आहेत."

सर्जन आणि धुळ्याचे डॉक्टर बराच वेळ फोनवर बोलले. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांचेही मत घेतले. इंजेक्शने न घेता लक्ष ठेवायचे, ठराविक काळाने एन्डोस्कोपी करायची, असे ठरले. निर्णय शेवटी माझ्यावर सोडला होता. आज औषधे पुढे गेली आहेत. तुमच्यावर वेळ आली तर माझी नक्कल करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण त्यांना रिपोर्टमधली प्रत्येक ओळ विचारा. ऑपरेशन बदलत नाही म्हणून एखादी ओळ बिनकामाची ठरत नाही.

मी का वाचले याचा हिशेब कोणालाच पुरता मांडता येणार नाही. सर्जनचा हात, ते निळे ठिपके, नशीब. सर्जन म्हणतात तिन्ही. आबा म्हणतात तापी. मी सगळ्यांचे उपकार मानते, वाद घालत नाही.

ती काच डॉक्टरांनी मला देऊन टाकली. माझ्या चष्म्याच्या जुन्या डबीत कापसात ठेवली आहे. खिडकीसमोर धरली की नखाएवढा गुलाबी-निळा डाग दिसतो. माझ्या कॅन्सरचा माझ्याजवळ उरलेला तेवढाच तुकडा. मिहिरच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे म्हणतो. इकडे येशील तेव्हा ती घेऊन जा.

तन्वी जन्मली तेव्हा मी तिथे होते. डिंकाचे लाडू मीच वळले. तिला अंघोळ घालून दुपट्यात गुंडाळले आणि जळगावला दुकानात फोन लावला. आजोबांना बातमी सांगितली. मागे गडबड ऐकू येत होती. आबा आसोद्याहून मुद्दाम येऊन सकाळपासून दुकानात बसले होते. मला वाटले, नेहमीप्रमाणे आजोबांकरवी निरोप देतील. पण रिसीव्हर हिसकावल्याचा आवाज आला आणि थेट माझ्या कानात, सगळ्या समुद्रांपलीकडून, ते मोठ्याने ओरडले,

"बाई, जेवली का तू?"

मी जेवले होते, अर्धी भाकरी. आणि मला पुन्हा भूक लागली होती.